उघड्या गाडीची डावी बाजू

ती गाडी आली तेव्हा मे महिना होता, नव्व्याण्णव साल. कारखान्याचा गाळप हंगाम संपला होता, उसाच्या ट्रॉल्या बंद झाल्या होत्या आणि वडीगोद्रीच्या रस्त्यावर दुपारच्याला कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. ट्रकवर चढवून, दोरखंडांनी बांधून आणलेली ती जुनी मोटार आमच्या शेडसमोर उतरवायला आठ माणसं लागली.

माझं मूळ गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाला. घरची जमीन थोरल्या भावानं सांभाळली आणि मला लोखंडाचा नाद लागला. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी आठ हंगाम फिटर म्हणून काढले, आणि मग वडीगोद्रीला रस्त्याला लागून पत्र्याचं शेड टाकलं. माझ्यासोबत वेल्डिंगला चाचा होते. साठीच्या पुढचे, शहागडचे, गंगेच्या काठावर वाढलेले. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. चाचांनीच मला कारखान्यात वेल्डिंग शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते माझ्याकडं यायला लागले. आम्ही ट्रॉल्या, नांगर, टँकर दुरुस्त करायचो. मोटारीचं काम आमचं नव्हतंच.

पण जालन्याचे शेटजी ओळखीचे होते. कापसाचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या जालन्यात. त्यांच्या जिनिंगमधल्या ट्रॉल्या माझ्याकडं यायच्या. ते ट्रकमागून जीपमधून उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, भावाची गाडी हाय. पुतणीचं लग्न धरलंय, पुढच्या महिन्यात. पोरगी म्हणती, सासरी जाईन तर बापाच्या गाडीतून. इंजन चालू करून घेतलंय. पण दारं लागत नाहीत."

गाडी उघड्या टपाची होती. कापडी छत कधीच कुजून गेलेलं. रंग एके काळी पांढरा असावा. शेटजी सहज म्हणून स्टिअरिंगपाशी बसले आणि दार ओढून घेतलं. दार लागलं, पण नंतर उघडेना. त्यांनी खांद्यानं रेटलं, मी बाहेरून ओढलं, दार ढिम्म. शेटजींचा चेहरा पांढरा पडला. उघड्या गाडीत बसलेला माणूस वरून पाय टाकून सहज उतरू शकतो, पण त्यांना ते सुचलंच नाही. कुणीतरी कोंडलं असावं तसे ते दोन्ही हात दाराला लावून बसले होते. चाचांनी दाराच्या उंबऱ्याखाली जॅक लावला आणि दोन बोटं उचलला. खट आवाज झाला आणि दार आपोआप उघडलं.

मग चाचांनी मला समजावून सांगितलं. बंद गाडी म्हणजे डबा असतो. वरचं झाकण काढलं की तिची परात होते, आणि परातीच्या मधोमध वजन ठेवलं की ती वाकतेच. म्हणून अशा गाडीच्या पोटाखाली तिरप्या पट्ट्या मारलेल्या असतात, एकीवर एक, छपराच्या कैचीसारख्या. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखाली पेटीसारखे बंद लोखंडी पोकळ टेके असतात. गाडीचं सगळं बळ तिथं. या गाडीचं ते सगळं गंजून भुगा झालं होतं. माणूस आत बसला की गाडी मधून खचायची आणि दाराला दाबून धरायची.

पंधरा दिवसांचं काम धरलं. शेटजी निघून गेले.

पहिले दोन दिवस आम्ही लोखंडाला हात लावला नाही, नुसती मापं घेतली. गाडी सागाच्या ठोकळ्यांवर सरळ बसवली, ओळंबे सोडले, जमिनीवर खडूनं खुणा केल्या. तेव्हा लक्षात आलं की गाडी मधून तर खचलीच आहे, पण दोन्ही बाजूंनी सारखी खचलेली नाही. डावी बाजू उजवीपेक्षा अंगठाभर खाली होती. जुन्या गाडीत उलटं असतं. आपल्याकडं चालवणारा उजवीकडं बसतो, जन्मभर त्याचंच वजन पडतं, म्हणून उजवी बाजू आधी बसते. मी सुतळी पुन्हा लावली, पुन्हा तेच. चाचांनी डाव्या उंबऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "यहाँ वजन है."

मी म्हणालो, चाचा, अठरा वर्षं गोदामात उभी होती ही, कुणाचं वजन असणार.

"है बोला मैं," चाचा म्हणाले. "था नहीं बोला."

मी हसलो. चाचा हसले नाहीत.

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पेटू नये म्हणून आम्ही पेट्रोलची टाकी काढली, पुढच्या दोन्ही सीटा आणि मागची काढून शेडच्या भिंतीला लावून ठेवल्या आणि दारांच्या जागी आडवे अँगल टाचून घेतले. खालचं लोखंड कापल्यावर गाडी मधून मोडू नये म्हणून. चौथा दिवस शुक्रवार होता. चाचा दुपारच्या नमाजला गेले. मी एकटाच गाडीखाली गोणपाटावर उताणा पडून बोल्टांना डिझेल लावत होतो. बाहेर ऊन असं की पत्रा वर कडकड वाजत होता.

तेव्हा माझ्या डोक्यावर सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

जाड माणूस सीटवर बसला आणि जरा अंग सावरून घेतलं तर कसा आवाज येतो, तसा. मी हात थांबवला. सीटा भिंतीला होत्या. मी पडल्या पडल्या मान वळवून पाहिलं, तिन्ही तिथंच होत्या. लोखंडावरचा ताण उतरला की ते बोलतं, हे मला ठाऊक होतं. कारखान्यात रात्रपाळीला बॉयलर थंड होताना माणसासारखा कण्हायचा. मी मनाला तेच सांगितलं आणि पुन्हा पाना हातात घेतला.

थोड्या वेळानं माझ्या कपाळावर पाणी पडलं. एक थेंब, मग दोन, मग गंजलेल्या भोकातून बारीक धारच लागली. थंडगार पाणी. गाडीच्या डाव्या अंगाला जमिनीवर दोन पाय दिसत होते. अनवाणी, बाईचे, चांदीच्या तोरड्या घातलेले. ते हलत नव्हते.  किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते पाय दोन पावलं मागं गेले आणि वरून आवाज आला, "कुणी खाली आहे का? भिजलात का भाऊ?"

मी बाहेर आलो. पंचेचाळिशीची बाई होती. लाल-पिवळी साडी, डोक्यावर पदर, कपाळावर मोठी टिकली, हातात कोपरापर्यंत चुडा. एका हातात पितळी लोटा. मी न विचारताच तिनं सांगितलं, ती शेटजींची भावजय होती. गाडी तिच्या नवऱ्याची. सकाळच्या एसटीनं जालन्याहून निघाली होती, घरी देवीच्या दर्शनाला जाते सांगून. गाडी इकडं आणल्यापासून चार दिवसांचा खाडा पडला होता आणि तिला राहवलं नव्हतं.

मी तिला स्टूल दिलं. ती बसली आणि मला सगळं सांगितलं. इतक्या शांतपणे, की कुणी शेजारणीला रोजचा स्वयंपाक सांगावा.

एक्याऐंशी साली तिचा नवरा एके सकाळी ही गाडी घेऊन बाहेर पडला, जेवायला येतो म्हणून. आला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गंगेच्या काठी सापडली, शहागडच्या अलीकडं, कोरड्या जमिनीवर नीट उभी केलेली. चावी जागेवर. उजवं दार लावलेलं आणि डावं दार सताड उघडं. माणूस कुठंच नाही. तिची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. गाडी घरी आणून जिनिंगच्या गोदामात उभी केली, आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी तिथं जाऊन डाव्या दाराच्या पायरीवर एक लोटा पाणी घालत आली होती.

मी विचारलं, डाव्या का म्हणून.

"ते स्वतः आले तर त्यांना पाण्याची काय गरज," ती म्हणाली. "घर त्यांचं आहे. पण त्यांच्यासोबत डाव्या बाजूला कोण बसलं होतं ते मला ठाऊक नाही. दार त्याचं उघडं होतं. तो पाहुणा. पाहुणा आला की पायावर पाणी घालावं लागतं. त्याची सोय नीट ठेवली तर तो ह्यांना परत आणून सोडेल, असं मला वाटतं."

मला त्या उन्हात अंगावर काटा आला. पण त्याच वेळी, खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. अठरा वर्षं रोज एक लोटा पाणी त्या पायरीवर पडलं होतं. ते चटईखाली मुरलं, पत्र्यातून झिरपलं, खालच्या पोकळ टेक्यात उतरलं. डावी बाजू जास्त का गंजली याचं उत्तर मिळालं होतं. मी तिला तसं सांगितलं. म्हणालो, बाई, आता नवीन लोखंड टाकतो हाय, त्याच्यावर पाणी नका घालू, पुन्हा सडून जाईल.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नवीन किती वर्षं टिकेल?"

"रंग बराबर लावला तर वीस वर्षं."

"बस झाली," ती म्हणाली, आणि लोटा पिशवीत ठेवून उठली.

चाचा आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता हातमोजे चढवले. मग म्हणाले की आधी उजवी बाजू कापू.

उजव्या बाजूला दोन दिवस गेले. बोल्ट सुटेनात म्हणून गॅसनं लाल करून तोडावे लागले. जुना टेका कापून खाली पाडला तेव्हा त्यातून नुसती तपकिरी पापुद्र्यांची रास निघाली, पळसाच्या वाळलेल्या पानांसारखी. जालन्याच्या रोलिंग मिलमधून आणलेला नवा चॅनल आम्ही तिथं बसवला, तिरप्या पट्ट्यांची नवी टोकं त्याला जोडली. काम साफ झालं. त्या दोन दिवसांत स्प्रिंगांचा आवाज मला चारदा ऐकू आला. एकदा चाचांनीही ऐकला. त्यांनी तोंडावरची काच वर केली, भिंतीच्या सीटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काच खाली केली.

मग डावी बाजू. मी गाडीखाली होतो, छिन्नीनं टेक्याचं पुढचं तोंड उघडत होतो. पापुद्रे पडतील म्हणून तोंड बाजूला वळवलं होतं. छिन्नी आत गेली आणि टेक्यातून रेती पडायला लागली.

नुसती चिमूटभर नाही. पोत्याला भोक पडावं तशी ती खाली येत राहिली. राखाडी, बारीक, आतल्या अंगाला अजून दमट. तिच्यात तांदळाएवढे पांढरे शिंपले होते. मी हातानं थांबवायला गेलो तर बोटांमधून सांडून छातीवर, गळ्यापाशी जमली. मी सरपटत बाहेर आलो. चाचांनी वाकून मूठभर उचलली, तळहातावर पसरली, नाकाजवळ नेली.

"गंगा का है," ते म्हणाले.

लोट्यातल्या पाण्यानं लोखंड सडतं, पण रेती येत नाही. बंद पेटीत रेती जायची म्हणजे ती पेटी पाण्याखाली बुडलेली हवी, वाहत्या पाण्याखाली, तेही काही तास. कोरड्या जमिनीवर नीट उभी केलेली गाडी ही नव्हे. आम्हा दोघांना ते एकदमच कळलं. चाचा म्हणाले, ही रस्त्यापलीकडं नेऊन ओतून ये, आत्ताच, आणि कुणापाशी बोलू नको.

मी ओतली नाही. ऑइलचा एक कापलेला डबा होता, त्यात भरून बाकड्याखाली ठेवली. का ठेवली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गिऱ्हाइकाला जुना पार्ट, आतून काय निघालं ते, दाखवायची माझी सवय होती, हे एक. पण तेवढंच नसावं. त्या बाईनं मला सगळं सांगितलं होतं आणि तिला जे ठाऊक नव्हतं ते आता माझ्यापाशी होतं. ते घेऊन बसणं मला जमेना.

ती परत आली ती दोन दिवसांनी. चाचा गाडीच्या मागच्या अंगाला वेल्डिंग करत होते. ती लोटा घेऊन डाव्या बाजूला गेली, तिथं पायरीच नव्हती, सगळं उघडं पडलं होतं. ती तिथं घोटाळत उभी राहिली आणि मग तिला बाकड्याखालचा डबा दिसला. आमच्या शेडमध्ये रेती असण्याचं काही कारण नव्हतं. तिनं विचारलं, ही कशाची.

मी सांगितलं.

वेल्डिंगचा आवाज बंद झाला. चाचा उठले नाहीत, पण ऐकत होते.

"पाण्याशिवाय जाईल का ही आत?" तिनं विचारलं.

"न्हाई जाणार."

"किती पाणी लागेल?"

मी हातानं माझा गुडघा दाखवला.

ती डब्यापाशी बसली. एक मूठ रेती घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. मग उभी राहिली, लोटा तोंडाला लावला आणि त्यातलं सगळं पाणी स्वतः प्याली, न थांबता, शेवटच्या घोटापर्यंत. रिकामा लोटा पिशवीत ठेवला आणि रस्त्याकडं चालायला लागली. त्या दिवशी एसटीला अजून दीड तास होता. ती सगळा वेळ फाट्यावरच्या लिंबाखाली उभी असलेली मला शेडमधून दिसत होती. मी जाऊन बोलायला पाहिजे होतं. गेलो नाही.

त्या दुपारनंतर गाडीतून एकदाही आवाज आला नाही. आम्ही ठोकत होतो, कापत होतो, जॅक वरखाली करत होतो, लोखंड मुकं. आवाज यायचा तेव्हा भीती वाटली होती, पण ही शांतता तिच्याहून वाईट होती. कुणीतरी उठून गेल्यावर खोलीत जसं होतं, तसं. मी गाडीखाली शिरायला नको नको करायला लागलो. चाचा पायाशी बसून राहायचे तेव्हा काम व्हायचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेटजी आले. जीप स्वतः चालवत, एकटेच. आल्या आल्या विचारलं, रेती कुणी दाखवली. मी म्हणालो, मी. मला वाटलं आता चिडतील, गाडी उचलून नेतील. ते ऑइलच्या पिंपावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांनी सांगितलं ते असं. अठरा वर्षांपूर्वी त्या गाडीपाशी पहिले पोचले ते स्वतः. सोबत एक बैलगाडीवाला, तो आता हयात नाही. गाडी काठावर नव्हतीच. नदीच्या पात्रात उभी होती, डावी चाकं रेतीत रुतलेली, आणि वर धरणातून पाणी सोडल्यामुळं रात्रीत पाणी चढलं होतं. गुडघ्याएवढं. त्यांनी बैल जुंपून गाडी बाहेर ओढली, दिवसभर उन्हात वाळवली आणि मग घरी निरोप धाडला की गाडी काठावर कोरडी सापडली. आई अंथरुणाला खिळलेली, पोरगी दोन वर्षांची. नदीचं नाव घेतलं असतं तर सगळं त्याच दिवशी संपलं असतं. चार दिवसांनी सांगू म्हणाले. चार दिवसांनी बघितलं तर भावजय वाट बघायला लागली होती, आणि वाट बघणाऱ्या माणसाला सांगायचा दिवस पुन्हा उगवलाच नाही.

"एक गोष्ट मी बैलगाडीवाल्यालाही बोललो नव्हतो," शेटजी म्हणाले. "पाणी सीटपर्यंत चढलंच नव्हतं, मिस्त्री. पायाशीच होतं. उजवी सीट कोरडी ठाक होती. आणि डावी भिजून चिंब. मी दाबून बघितली, स्प्रिंगांतून पाणी निघालं."

चाचांनी मान खाली घातली. मी भिंतीकडं पाहायचं टाळलं.

"काल ती आली," शेटजी पुढं म्हणाले. "ओरडली नाही, रडली नाही. न्हाणीत गेली, डोक्यावरून आंघोळ केली, चुडा उतरवून देवापाशी ठेवला. मग माझ्यासमोर येऊन एकच विचारलं. डावी सीट ओली होती का."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात.

"हो म्हणालो."

ते पिंपावरून उठले तेव्हा त्यांना हात द्यावा लागला. महिनाभर थांबली असती, ते म्हणाले. त्यांच्यात लेकीच्या लग्नात आईनं करायचे कितीतरी विधी असतात आणि ते सवाष्णीनं करायचे असतात. अठरा वर्षं कुणी तिला विधवा म्हटलं नव्हतं. महिनाभर गप्प राहिली असती तर सगळं तिच्या हातून झालं असतं. हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, पण मला जे लागायचं ते लागलं. मी म्हणालो, गाडी तशीच ठेवू का, काम थांबवू का. ते म्हणाले, नको, पोरीचा हट्ट कायम आहे, काम पूर्ण करा.

आम्ही पूर्ण केलं. डावा टेका नवा, तिरप्या पट्ट्या नव्या, मधली कैची नवी. प्रत्येक चॅनलच्या पोटाला मी पाणी निघायला भोकं पाडली. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर डांबराचा एक. टाचलेले अँगल काढताना दोघांनीही श्वास धरला होता. गाडी तसूभरही हलली नाही. दारं एका बोटानं लागली, एका बोटानं उघडली. सुतळी लावली, दोन्ही बाजू सारख्या. इतकं नेमकं काम आम्ही पुन्हा कधी केलं नाही, पण चाचांनी पाठीवर थाप मारली नाही की मी चहा सांगितला नाही. सीटा तेवढ्या शेटजींनी नव्या करून आणल्या होत्या. जुन्या चाचांनी कुठं नेल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही.

लग्नाला मीच गाडी घेऊन गेलो. जालन्यात, संध्याकाळच्या उजेडात, मंडपासमोर गाडी उभी केली. पाठवणीची वेळ. मुलगी आणि जावई मागं बसायचे होते. सगळे विधी शेटजी आणि त्यांच्या बायकोनं केले होते असं कानावर आलं. मुलगी गाडीपाशी आली आणि दाराला हात लावून थांबली. तिनं चुलतीला नमस्कार केला आणि म्हणाली की आईनं टिळा लावल्याशिवाय मी बसणार नाही. बायकांत कुजबूज झाली. कुणीतरी वयस्कर माणूस पुढं होऊन समजावायला लागला. मुलगी जागची हलली नाही. शेटजींनीच मग वाट करून दिली आणि खांबामागून मुलीची आई पुढं आली, पांढऱ्या साडीत. मी तिला ओळखलंच नाही आधी. चुडा नसलेले हात केवढेसे दिसत होते. तिनं लेकीला टिळा लावला, जावयाला लावला, ताटलीतले तांदूळ गाडीच्या चाकांवर टाकले. 

मुलीचा चुलतभाऊ पुढं माझ्याशेजारी बसायला आला. रीतच तशी असते. त्यानं डाव्या दाराला हात घातला तेवढ्यात मुलीची आई म्हणाली, "तिथं कुणी बसू नका."

मोठ्यानं नाही म्हणाली. पण तो पोरगा मागं सरला आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसला. कुणी का म्हणून विचारलं नाही.

मुलीच्या सासरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, पाऊण तास लागला, वाजंत्री पुढं म्हणून. पाऊण तास मी त्या सीटकडं पाहिलं नाही. गाडी छान चालली. खड्ड्यातून गेली तरी खालून हूं की चूं नाही. मागं मुलगी रडत होती आणि जावई तिला पाणी देत होता. मी समोर बघत राहिलो. एकदा चौकात वळताना मला वाटलं की माझ्या डाव्या बाहीला ओल लागली आहे. उतरल्यावर पाहिलं, घाम असावा. जून होता.

पुढं शेटजींनी ती गाडी औरंगाबादच्या कुणा हौशी माणसाला देऊन टाकली. त्यांच्या ट्रॉल्या माझ्याकडं यायच्या थांबल्या, राग म्हणून नव्हे, पण थांबल्या. चाचा तीन-चार वर्षांनी गेले. मी एकट्यानं शेड चालवलं, नंतर बोअरवेलच्या गाड्यांचं काम घ्यायला लागलो.

ती बाई मला एकदाच पुन्हा भेटली, चाचा गेल्यानंतरच्या वर्षी, अंबडच्या स्टँडवर. तिनंच हाक मारली. केस पिकले होते, बाकी तशीच. मुलीला दोन मुलं झाली, नाशिकला असते, असं म्हणाली. चाचांची बातमी सांगितली तेव्हा तिनं हात जोडले. मग मी, बरीच वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. म्हणालो, बाई, मी ती रेती दाखवायला नको व्हती का. फेकून देणार व्हतो, मंग न्हाई फेकली.

 एक गाडी आली, तिची नव्हती, लोक चढले-उतरले, गाडी गेली.

"भाऊ, मी तुम्हाला कधी शिव्या दिल्या नाहीत," ती म्हणाली. "आशीर्वादही दिला नाही. दोन्हीपैकी काय द्यायचं ते माझं अजून ठरलं नाही. ठरलं की कळवीन."

मी मान हलवली. मग जालन्याची गाडी लागली. मी तिची पिशवी वर ठेवून दिली आणि खाली उतरलो. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत थांबलो आणि मग, ज्या बेअरिंगसाठी अंबडला आलो होतो, ते आणायला बाजारात गेलो.